व्यायामापुरते जर्मन: दादरच्या एका रविवारच्या वर्गाचे परीक्षण

दादर पश्चिमेला, रानडे रस्त्यालगतच्या एका गल्लीतील शाळेच्या तळमजल्यावर, रविवारी सकाळी जर्मनचा एक वेगळा वर्ग भरतो. सर्वसाधारण जर्मन शिकवणाऱ्या जागा मुंबईत कमी नाहीत. काळा घोड्याच्या मॅक्सम्यूलर भवनापासून ठाणे-डोंबिवलीच्या घरगुती शिकवण्यांपर्यंत हवा तो पर्याय मिळतो. हा वर्ग मात्र एवढेच शिकवतो, की समोरच्या माणसाकडून व्यायाम करून घेताना जर्मनमध्ये काय बोलावे आणि कसे बोलावे. प्रवेशासाठी ए-1 पातळी (ए-1, ए-2, बी-1, बी-2 अशा चढत्या भाषा-पातळ्यांतली पहिली) पूर्ण झालेली असावी लागते. मी परळच्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, माझी ए-2 झालेली आहे, आणि वर्गाचे संपूर्ण सत्र करून मी हे लिहीत आहे. वर्ग लहान आहे, एकच शिक्षिका तो चालवतात आणि पुढे काही उणिवा स्पष्टपणे मांडायच्या आहेत, म्हणून नाव देत नाही; ज्याला गरज आहे त्याला तो दादरमध्ये विचारून सापडेल.

अशा वर्गाची गरज अचानक का वाटू लागली, याचे कारण उघड आहे. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केल्यापासून आरोग्यक्षेत्रातील तरुण मंडळी जर्मनकडे नव्याने वळली आहेत. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट ही 1968 पासून मुंबईची भगिनी-नगरी आहे, पण तिची आठवण आपल्याकडे आजवर समारंभापुरतीच होती. आता परळ, शीव आणि नायर परिसरातल्या उपाहारगृहांत बी-1, बी-2 ही अक्षरे चहाबरोबर ऐकू येतात. फिजिओथेरपी हा जर्मनीत कायद्याने नियंत्रित व्यवसाय आहे. तिथल्या राज्याच्या प्राधिकरणाकडून पदवीला मान्यता मिळाल्याशिवाय त्या नावाने काम करता येत नाही, आणि त्यासाठी साधारणपणे बी-2 पातळीचे जर्मन मागितले जाते. फिटनेस प्रशिक्षकाच्या कामावर असे कायदेशीर बंधन नाही. त्यामुळे वर्गात दोन स्वभावांचे विद्यार्थी एकत्र बसतात: कागदपत्रांच्या चिंतेत असलेले फिजिओथेरपिस्ट, आणि लालबाग-परळच्या व्यायामशाळांतले, तुलनेने निश्चिंत असे प्रशिक्षक.

वर्गाची पहिली जमेची बाजू म्हणजे तो व्यायामप्रकारांच्या नावांपासून सुरू होत नाही. इंटरनेटवर मिळणारे बहुतेक धडे उठाबशीला ‘क्नीबॉयगे’, जोराला ‘लीगेश्ट्युत्स’, बारवर शरीर वर ओढण्याला ‘क्लिमत्सूक’, कोपरांवर शरीर तोलून धरण्याला ‘उंटरआर्मश्ट्युत्स’ अशी पन्नास नावे पाठ करायला देतात आणि तिथेच थांबतात. नावे कोणीही दोन संध्याकाळी पाठ करील. शिवाय जर्मन व्यायामशाळेत कित्येक इंग्रजी नावे तशीच चालतात. खरी अडचण पुढे येते. रुग्ण टेबलावर झोपलेला आहे, त्याचा उजवा पाय किंचित वर घ्यायचा आहे, गुडघा सरळ ठेवायचा आहे, कंबर उचलू द्यायची नाही आणि श्वास रोखू द्यायचा नाही, हे सर्व एका दमात सांगायचे आहे. त्यासाठी आज्ञार्थ लागतो, विभक्ती लागते, तुटणारी क्रियापदे लागतात. जर्मनीत डॉक्टरने लिहून दिलेल्या साध्या व्यायामोपचाराच्या एका भेटीला 15 ते 25 मिनिटे एवढाच वेळ धरलेला असतो. तेवढ्यात वाक्य जुळवत बसणाऱ्या उपचारकाला रुग्ण सांभाळून घेईल, पण वेळ सांभाळून घेणार नाही.

म्हणून शिक्षिका पहिल्याच दिवशी बाके भिंतीला लावायला सांगतात. त्या आज्ञा देतात, वर्ग ती कृती करतो. मग विद्यार्थ्यांच्या जोड्या होतात आणि एकाने सांगायचे, दुसऱ्याने फक्त तेच करायचे जे शब्दशः सांगितले गेले. भाषा हालचालीतून शिकवण्याची ही पद्धत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात मांडली आणि मुलांच्या वर्गांत ती जगभर वापरली जाते. मोठ्यांच्या वर्गात ती अनेकदा बालिश वाटते. इथे तसे होत नाही, कारण वर्गातल्या प्रत्येकाचे रोजचे काम नेमके हेच आहे. ते मराठीत किंवा हिंदीत करत होते, आता जर्मनमध्ये करायचे आहे.

आज्ञार्थाचा भाग चांगलाच घोटून घेतला जातो. जर्मनमध्ये ‘तू’साठी डू, अनेकांना आपुलकीने म्हणायच्या ‘तुम्ही’साठी ईर आणि आदरार्थी झी असे तीन वेगळे आज्ञार्थ आहेत. पोट आवळा हे डूला ‘श्पान डेन बाउख आन’, ईरला ‘श्पान्ट डेन बाउख आन’ आणि झीला ‘श्पानेन झी डेन बाउख आन’ असे होते. मराठी माणसाला तू आणि तुम्ही यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. कोणाला कोणते वापरायचे, हे मात्र सांगावे लागते. फिटनेस स्टुडिओत वयाने मोठ्या सभासदालाही सर्रास डू म्हणतात, आणि उपचारकेंद्रात प्रौढ रुग्णाला झीच म्हणायचे असते. आपल्याकडे व्यायामशाळेतला पोरगाही पन्नाशीच्या गृहस्थाला ‘काका, अजून पाच मारा’ म्हणतो, त्यात नाते आणि आदर दोन्ही भागतात. जर्मनमध्ये काका-आजी असा आधार नाही, आडनाव आणि झी एवढ्यावरच भिस्त. शिक्षिकांनी यासाठी दोन वेगळे संवाद तयार केले आहेत आणि ते दोन्ही पाठ करून घेतात. लालबागच्या एका प्रशिक्षकाने नाटकातल्या रुग्णाला डू म्हटल्यावर त्यांनी त्याला सांगितले, ‘अरे, तो तुझा गडी नाही, तो हेर श्मिट आहे’ (हेर म्हणजे श्रीयुत), आणि त्यानंतर वर्गात कोणीही डू म्हणाले की ‘हेर श्मिट’ एवढेच शब्द पुरेसे होऊ लागले.

याला जोडूनच तुटणारी क्रियापदे येतात. आवळणे हे ‘आनश्पानेन’, पण आज्ञा देताना त्यातला ‘आन’ तुटून वाक्याच्या शेवटी जातो. उजवा पाय सावकाश वर उचला हे ‘हेबेन झी डास रेश्टे बाइन लांगझाम आन’. श्वास आत घ्या हे ‘आटमेन झी आइन’ आणि सोडा हे ‘आटमेन झी आउस’. वाक्य जितके लांब, तितका हा शेवटचा तुकडा विसरला जाण्याची शक्यता अधिक, आणि श्वासाच्या बाबतीत तो विसरला तर घ्यायचा की सोडायचा हेच समजत नाही. जोडीच्या सरावात म्हणूनच एक नियम आहे: शेवटचा तुकडा ऐकू येईपर्यंत जोडीदाराने हलायचे नाही. त्यामुळे अर्धा वर्ग श्वास धरून उभा राहतो. सराव परिणामकारक आहे. दम्याच्या माणसाने मात्र त्या दिवशी सांभाळावे.

सत्रातील सर्वांत समृद्ध भाग शब्दयोगी अव्ययांचा आहे, आणि केवळ त्याच्यासाठीही मी हा वर्ग सुचवीन. जर्मनमध्ये वर, खाली, पुढे, मागे, शेजारी, मध्ये अशा अर्थांची नऊ अव्यये अशी आहेत, की त्यांच्यापुढे हालचालीची दिशा सांगायची असेल तर द्वितीया आणि स्थिती सांगायची असेल तर चतुर्थी येते. सर्वसाधारण पुस्तकांत हा नियम टेबलावरचे पुस्तक आणि भिंतीवरचे चित्र यांच्यावर शिकवतात आणि तो तिथेच राहतो. व्यायामात मात्र प्रत्येक सूचनेत प्रथम हालचाल असते आणि लगेच स्थिती असते. पाठीवर झोपा म्हणताना ‘लेगेन झी झिश आउफ डेन र्‍युकेन’, आणि तुम्ही पाठीवर झोपलेले आहात म्हणताना ‘झी लीगेन आउफ डेम र्‍युकेन’. चेंडू गुडघ्यांमध्ये घ्या म्हणताना ‘त्स्विशेन डी क्नी’, आणि तो तिथेच धरून ठेवा म्हणताना ‘त्स्विशेन डेन क्नीन’. मराठीत दोन्ही वेळा ‘पाठीवर’ आणि ‘गुडघ्यांमध्ये’ हेच चालते, त्यामुळे आपल्या कानाला हा फरक उपजत नाही. शिक्षिका प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष चेंडू घ्यायला लावतात. घेताना एक वाक्य, धरताना दुसरे वाक्य. वहीत वर्षभर न बसणारा नियम इथे मांड्या थरथरू लागेपर्यंत बसतो.

याच भागात क्रियापदांच्या जोड्या येतात: लेगेन आणि लीगेन, श्टेलेन आणि श्टेएन, झेत्सेन आणि झित्सेन. इंग्रजीतून शिकताना मला या जोड्यांचा अतोनात कंटाळा आला होता. शिक्षिकांनी त्या मराठी प्रयोजकावरून समजावल्या. झित्सेन म्हणजे बसणे, झेत्सेन म्हणजे बसवणे. आणि खाली बसा म्हणायचे असेल तर जर्मन माणूस स्वतःला बसवा असे सांगतो, म्हणून तिथे ‘झिश’ लागते. हेच लीगेन म्हणजे पडून असणे आणि लेगेन म्हणजे ठेवणे, निजवणे याला लागू पडते. बसणे-बसवणे, निजणे-निजवणे ही जोडी मराठी मूल शाळेत जाण्याआधी बोलते. ज्या शिक्षकांना जर्मन फक्त इंग्रजीमार्गेच समजावता येते, त्यांच्या हातातून ही गोष्ट निसटते.

मराठीचा असा उपयोग सत्रात वारंवार होतो आणि माझ्या मते हीच या वर्गाची खरी ताकद आहे. तीन लिंगे आपल्याला नवीन नाहीत. तो हात, ती मान, ते मनगट असे आपण न अडखळता म्हणतो, आणि जर्मनलाही डेर, डी, डास लागतात याचे आपल्याला आश्चर्य वाटत नाही. मात्र जुळणी होत नाही, हे शिक्षिका आधीच बजावतात: आपली पाठ स्त्रीलिंगी तर तिकडचा र्‍युकेन पुल्लिंगी, आपला गुडघा पुल्लिंगी तर तिकडचे क्नी नपुंसकलिंगी, आपला खांदा पुल्लिंगी तर तिकडची शुल्टर स्त्रीलिंगी. आपली पोटरी आणि तिकडची ‘वाडे’ या दोघी तेवढ्या जुळतात. मोजणीतही मराठी मुलाला सवलत आहे. जर्मन माणूस एकवीस म्हणताना आधी एक म्हणतो, मग वीस, ‘आइनउंटत्स्वान्त्सिश’. एकवीस, बावीस, तेवीस असेच मोजत आलेल्याला त्यात उलटे काही वाटत नाही. इंग्रजी माध्यमातून आलेली मुले मात्र आवर्तने मोजताना एकविसाला अडखळतात, आणि त्यांच्या जोडीदाराला तेवढी जास्त उठाबशी पडते. मला चक्कर येते याला ‘मिर इस्ट श्विंडलिश’ म्हणतात; त्यातला ‘मिर’ म्हणजे आपला ‘मला’, आणि चक्कर हा कर्त्याचा पराक्रम नसून त्याच्यावर आलेला प्रसंग आहे, ही जाणीव दोन्ही भाषांत सारखी आहे.

उच्चारांसाठी दिलेला वेळ पुरेसा नाही, पण जे शिकवले ते नेमके होते. जर्मन ‘त्स’साठी शिक्षिका ‘चाक’, ‘चूल’, ‘चमचा’ या शब्दांतला दंत्य च वापरायला सांगतात, आणि मुंबईतल्या मराठी माणसाच्या तोंडून तो आयता येतो. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हटल्यावर जो स्वर निघतो, त्याचा सराव मात्र रोज हवा होता. ड्र्युकेन म्हणजे दाबणे आणि ड्रुकेन म्हणजे छापणे. टाचा जमिनीवर दाबायला सांगताना त्या छापायला सांगितल्या, तर रुग्णाची करमणूक होईल, व्यायाम होणार नाही. वर्गाबरोबर मिळणारी पुस्तिका येथे मदतीऐवजी अडथळा करते. तिच्यात जर्मन वाक्ये रोमन लिपीत, त्यांखाली देवनागरीत उच्चार आणि मग मराठी अर्थ असा क्रम आहे. पण देवनागरीत हा स्वर कुठे ‘उ’, कुठे ‘यु’, तर कुठे ‘इ’ असा लिहिलेला आहे. झेरॉक्सची प्रत फिकट, चित्रे बहुधा कुठल्या तरी जुन्या तक्त्यावरून घेतलेली, आणि डावा-उजवा पाय दाखवणारे बाण एका पानावर उलटे छापलेले. पुस्तिकेसाठी वेगळे पैसे घेतले जातात, हे लक्षात घेता एवढी हयगय पटत नाही.

मध्येच एका रविवारी, विषयांतर म्हणावे असा पण सर्वांना आवडलेला अर्धा तास झाला. फ्रीडरिश लुडविश यान यांनी 1811 मध्ये बर्लिनच्या हाझेनहाइडे येथे खुले व्यायाममैदान सुरू केले आणि तिथून ‘टुर्नेन’ या व्यायामपरंपरेचा प्रसार झाला, हे सांगताना शिक्षिकांनी समांतर बार आणि आडव्या बारची जर्मन नावे, ‘बारेन’ आणि ‘रेक’, शिकवली. वर्गात शिवाजी पार्कच्या बाजूचा एक मल्लखांबपटू होता. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 मध्ये बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती, ही भर त्याने घातली, आणि मग मल्लखांबावरची एक साधी उडी जर्मनमध्ये सांगण्याचा प्रयत्न सर्वांनी मिळून केला. तो फारसा जमला नाही, कारण अंगठ्याच्या पकडीपासून तंगडी गुंडाळण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला नवे अव्यय लागत होते. तरीही संपूर्ण सत्रात सर्वाधिक जर्मन त्याच अर्ध्या तासात बोलले गेले असावे.

आता उणिवांकडे येते. त्यांतली सर्वांत गंभीर ही, की मनाईची भाषा घाईने उरकली जाते. इंग्रजीच्या सवयीने आपण ‘म्युसेन’ला ‘निश्ट’ जोडतो आणि मनाई झाली असे समजतो. प्रत्यक्षात ‘झी म्युसेन निश्ट’ म्हणजे ‘तुम्हाला करण्याची गरज नाही’, आणि मनाई करायची तर ‘झी ड्युर्फेन निश्ट’ म्हणावे लागते. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला सुरुवातीच्या काळात पायावर पाय टाकू नका असे अनेकदा बजावावे लागते. तिथे ड्युर्फेनऐवजी म्युसेन वापरले, तर त्याला ऐकू येते की पायावर पाय टाकलाच पाहिजे असे नाही, म्हणजे मनात आले तर टाकायला हरकत नाही. मराठीत ‘टाकायची गरज नाही’ आणि ‘टाकू नका’ यांत कोणाचाही गोंधळ होत नाही. तोच धागा पकडून हा भाग एका पूर्ण रविवारचा करता आला असता. पुस्तिकेत त्याला एका चौकटीत चार ओळी आहेत. ज्या वर्गाचे विद्यार्थी उद्या शस्त्रक्रिया झालेल्या माणसांच्या पायांना हात लावणार आहेत, त्यात हे प्राधान्य चुकलेले आहे.

याच प्रकारातली दुसरी जोडी ‘श्ट्रेकेन’ आणि ‘डेनेन’ यांची. पहिल्याचा अर्थ सांधा सरळ करणे, दुसऱ्याचा अर्थ स्नायूला ताण देणे. इंग्रजीतला ‘स्ट्रेच’ हा एकच शब्द डोक्यात घेऊन आलेला प्रशिक्षक दोन्हींसाठी श्ट्रेकेन म्हणतो. शिक्षिकांनी चूक दाखवली, मात्र भाषेच्या शिक्षिका असल्याने मांडीच्या मागच्या स्नायूला ताण देताना गुडघा कोणत्या अवस्थेत असतो, हे त्यांना विद्यार्थ्यांकडूनच विचारून घ्यावे लागले. त्यांनी ते मोकळेपणाने विचारले, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवे. तरी सत्रातून दोन-तीनदा एखाद्या अनुभवी फिजिओथेरपिस्टला सोबत घेतले, तर पुस्तिकेतल्या काही अशास्त्रीय सूचनाही दुरुस्त होतील.

क्रमाबद्दलही माझा मतभेद आहे. जर्मन व्यायामपत्रकांत आणि समूहाच्या तासांना आज्ञार्थाऐवजी क्रियापदाचे मूळ रूपच सर्रास वापरतात: ‘आर्मे हेबेन, टीफ आइनआटमेन, बाउख आनश्पानेन’. आपणही समूहाला शिकवताना ‘हात वर घ्यायचे, खोल श्वास घ्यायचा, पोट आत ओढायचे’ असेच म्हणतो, ‘घ्या’ आणि ‘ओढा’ यांची माळ लावत नाही. या रूपात क्रियापद तुटत नाही आणि डू की झी हा प्रश्नही उरत नाही. नवशिक्याला पहिल्याच रविवारी बोलता करील असे हे साधन वर्गात सत्राच्या अखेरीस, जणू परिशिष्ट म्हणून येते. आधी हे देऊन नंतर आज्ञार्थाकडे नेले, तर सुरुवातीची अडखळ निम्म्याने कमी होईल असे मला वाटते. त्याच्याच जोडीने ‘ओने डी लुफ्ट आनत्सुहाल्टेन’, म्हणजे ‘श्वास न रोखता’, हे शब्दही सुरुवातीलाच यायला हवेत, कारण व्यायाम शिकवणाऱ्या माणसाला दिवसभरात ते वारंवार म्हणावे लागतात.

ऐकण्याकडे झालेले दुर्लक्ष हा यापुढचा आक्षेप. वर्ग आपल्याला बोलायला शिकवतो. रुग्ण काय बोलेल, याची तयारी फार थोडी होते. ‘वो टूट एस वे’, कुठे दुखते, हे विचारता आले तरी उत्तर समजले पाहिजे. टोचते, जळजळते, ओढ लागते, ठसठसते यांसाठी जर्मनमध्ये वेगवेगळी विशेषणे आहेत आणि रुग्ण ती वापरतो. मराठी माणूस वेदनेच्या बाबतीत मुळीच गरीब नाही. कळ, चमक, ठणका, लचक, उसण, गोळा अशी आपली शब्दसंपत्ती भरपूर आहे, आणि तिच्यासमोर जर्मन शब्द मांडून एक सुंदर धडा झाला असता. कंबरेत उसण भरणे याला जर्मनमध्ये ‘हेक्सेनशुस’ म्हणतात, हे मला वर्गाबाहेर कळले. पोटरीत येणाऱ्या गोळ्याला ‘क्राम्फ’ म्हणतात, तेही पुस्तिकेत नाही. ‘झागेन झी बिटे, वेन एस वेटूट’, दुखले तर सांगा, हे वाक्य मात्र शिक्षिका प्रत्येक सरावाच्या आधी म्हणायला लावतात, आणि ‘वेन’नंतर क्रियापद शेवटी जाते हा नियम त्यातून आपोआप अंगवळणी पडतो. मराठीत क्रियापद शेवटीच असते, त्यामुळे हे आपल्याला फारसे जड जात नाही.

बाडेन-व्युर्टेंबर्गला जाणाऱ्यांसाठी बोलीचा प्रश्न आणखी वेगळा आहे, आणि त्याचा वर्गात उल्लेखही झाला नाही. श्टुटगार्टच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या श्वेबिश बोलीत ‘फूस’ म्हणजे केवळ पाऊल नव्हे, तर खुब्यापासूनचा अख्खा पाय. प्रमाण जर्मनमध्ये त्याला ‘बाइन’ म्हणतात. मराठी माणसाला हे लगेच पटेल, कारण आपण दोन्हींना पायच म्हणतो. पण ज्याने वर्गात फूस म्हणजे पाऊल असे घोकले आहे, तो ‘फूस दुखतो’ म्हणणाऱ्या आजींचा घोटा तपासत बसेल आणि दुखत असेल मांडी. त्याहून घोटाळ्याचा शब्द ‘हेबेन’. प्रमाण भाषेत त्याचा अर्थ उचलणे. श्वेबिश बोलीत तो धरून ठेवण्यासाठी वापरतात, आणि उचलण्यासाठी ‘लुप्फेन’ म्हणतात. उचला आणि धरून ठेवा या तर व्यायाम शिकवणाऱ्याच्या दोन मुख्य सूचना. जाहिरातपत्रकावर श्टुटगार्टच्या मनोऱ्याचे छायाचित्र छापणाऱ्या वर्गाने एवढी माहिती द्यायला हवी होती.

त्याच पत्रकावर ‘जर्मनीतील नोकरीची संपूर्ण तयारी’ असे लिहिलेले आहे, ते कोणी अक्षरशः घेऊ नये. हा वर्ग बी-2च्या परीक्षेची तयारी करून घेत नाही, पदवीच्या मान्यतेसाठी लागणाऱ्या कागदपत्रांबद्दल मार्गदर्शन करत नाही आणि शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राला शासकीय किंवा परीक्षेचे मूल्य नाही. शिक्षिकांना विचारले की त्या हे स्वतःच स्पष्ट सांगतात. मग पत्रकावरही तसेच लिहावे. नेहमीचा भाषावर्ग सुरू असताना त्याला पूरक म्हणून हे सत्र घ्यावे, आणि माझ्या मते ए-2 आणि बी-1 यांच्या मधला काळ त्यासाठी योग्य आहे. ए-1 नुकतीच झालेल्यांना विभक्तींचा वेग झेपत नव्हता. त्यांतले काही अर्ध्यावरून गेले. फक्त फिटनेस प्रशिक्षक म्हणून जर्मन ग्राहकांशी बोलायचे असेल, मग ते गोव्याच्या योगशिबिरात असो की व्हिडिओवरून, तर हा वर्ग आहे तसाही उपयोगी पडेल. त्यांना एवढे कळले तरी पुष्कळ, की ‘ग्युम्नाझियुम’ ही जर्मनीत शाळा असते आणि वजने उचलायला ‘फिटनेसश्टूडियो’त जावे लागते.

शुल्क पंधरा हजारांच्या आत आहे, पुस्तिका वेगळी. एका तुकडीत वीसपेक्षा जास्त माणसे घेत नाहीत, आणि जोडीच्या सरावासाठी एवढी संख्या योग्य आहे. चुकलेला तास भरून मिळत नाही, मात्र रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर पहिली पंधरा मिनिटे उजळणीला ठेवतात. कल्याण-बदलापूरकडून येणाऱ्यांना ही सवलत मोलाची वाटते. तुकडीच्या व्हॉट्सॲप समूहावर दर बुधवारी शिक्षिका दोन मिनिटांची ध्वनिफीत टाकतात, तिच्यात पाच-सहा सूचना असतात आणि त्या ऐकून केलेल्या व्यायामाचे चित्रण परत पाठवायचे असते. हा गृहपाठ सर्वजण खरोखर करतात, असे भाषेच्या दुसऱ्या कोणत्या वर्गात मी पाहिलेले नाही.

वर्ग ऑनलाइनही उपलब्ध आहे आणि थोडा स्वस्त आहे, पण तो घेऊ नये असेच सुचवीन. विद्यार्थी उताणा झोपला की मोबाइलच्या चौकटीतून निम्मा बाहेर जातो, आणि त्याने पाय उचलला की गुडघा वाकवला हे शिक्षिकांना दिसत नाही. मग सराव पुन्हा वाक्ये वाचण्यावर येतो, आणि तेवढे घरी बसून फुकटही करता येते. दादरला जाणाऱ्यांनी सैल कपडे घालावेत, पाण्याची बाटली घ्यावी आणि स्वतःची योगाची चटई अवश्य न्यावी, कारण शाळेची सतरंजी वर्षानुवर्षे झटकलेली नसावी आणि तिच्यावर पालथे झोपून ‘बाउखलागे’ म्हणताना पहिला श्वास धुळीचाच येतो.